नारळ किती खाल्ले ते विचारता, हाकेला कोण येतं ते कधी विचारणार? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाला कोकणातून खुलं पत्र

मा. केंद्रीय सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्री, तसंच राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयातली सगळी अधिकारी मंडळी, यांना सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात पिठाची गिरण चालवते, जोडीला छोटं किराणा दुकान आहे. हे पत्र टपालाने तुमच्याकडे पाठवतेच आहे, पण इथे सगळ्यांसमोर पण टाकतेय, कारण ज्यांची आई नाहीतर वडील कोकणात एकटे राहतात किंवा जे स्वतः दिव्याला-विरारला खोलीत एकटे पडलेत त्यांनी हे वाचावं आणि पटलं तर आपापल्या नावाने तुम्हाला लिहावं असं मला वाटतं.

मागणी आधीच सांगते, म्हणजे शोधत बसायला नको. देशभर, प्रत्येक जिल्ह्यात, पंधरा वर्षांवरच्या सगळ्या वयाच्या माणसांना त्यांचं त्यांना विचारून, तुमचं कोणाशी बोलणं होतं, एकटं वाटतं का, अडीनडीला कोण येतं, एकूण जगणं कसं चाललंय, असा एक सर्व्हे तुम्ही करा, दर दोन-तीन वर्षांनी करा, आणि त्याचे आकडे जिल्ह्यावार आम्हाला दाखवा.

हे आत्ताच का लिहितेय ते सांगते. मे 2025 मध्ये जिनिव्हाला जागतिक आरोग्य सभेत माणसांच्या आपसातल्या नात्यांवर, सामाजिक संबंधांवर, पहिल्यांदा ठराव झाला. मग 30 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाचा रिपोर्ट आला, त्या आयोगाच्या दोन अध्यक्षांपैकी एक डॉ. विवेक मूर्ती, ज्यांचे आईवडील मूळचे आपल्या शेजारच्या कर्नाटकातले. रिपोर्ट म्हणतो की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाने ग्रासलंय आणि त्यापायी होणारे मृत्यू वर्षाला 8 लाख 71 हजारांच्या वर जातात, म्हणजे तासाला साधारण 100. हार्ट अटॅक, लकवा, डायबेटिस, विसरभोळेपणा, सगळ्याचा धोका वाढतो म्हणे. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. श्रीमंत देशांत एकटं वाटणारी माणसं 11 टक्के आणि गरीब देशांत 24 टक्के. आपल्याकडे सगळे बिनधास्त म्हणतात की एकटेपणा हे तिकडचं फॅड, आपल्याकडे भावकी आहे, वाडी आहे, गणपती-शिमगा आहे. जगाचे आकडे तर उलटं सांगतायत. आणि आपले आकडे? ते कोणी नीट घेतलेलेच नाहीत, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो बोलतो.

ब्रिटनने 2018 मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला आणि त्याच वर्षी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाने एकटेपणा मोजायचे ठरावीक प्रश्न पक्के केले. सोबत मिळत नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं, सगळ्यांपासून तुटलोय असं किती वेळा वाटतं, आणि चौथा सरळ प्रश्न, एकटं किती वेळा वाटतं. चारच प्रश्न. जपानने 2021 मध्ये मंत्री नेमला आणि त्याच वर्षी 16 वर्षांवरच्या 20 हजार लोकांना प्रश्नावली पाठवली, पुढेही पाठवत राहिले, आणि एप्रिल 2024 पासून तिकडे यासाठी कायदाच लागू झालाय. ते पैसेवाले देश आहेत हे मान्य. पण सर्व्हे करण्यात आपण काय मागे आहोत का? 1950 पासून संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने आपल्याकडे नॅशनल सॅम्पल सर्व्हे चालतो, तुमची माणसं डोंगरात, बेटावर, बर्फात जाऊन माहिती आणतात, मला त्याचा खरंच अभिमान वाटतो. म्हणूनच तुम्हाला लिहितेय.

तुम्ही काय काय विचारता ते जरा बघा. कुटुंबाच्या खर्चाच्या सर्व्हेत नारळ किती खाल्ले ते नगावर विचारता, कडधान्यं वेगवेगळी विचारता. 2019 मध्ये आणि परत 2024 मध्ये वेळेच्या वापराचा सर्व्हे केलात, पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत माणसाने काय काय केलं ते अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतलंत, त्यात गप्पा-भेटीगाठी-देवधर्म यांचा वेगळा गटसुद्धा आहे. चांगलं काम आहे ते, पण त्यातून एवढंच कळतं की बाईने गप्पा किती मिनिटं मारल्या. ज्यांच्याशी मारल्या त्यांच्याशी मन मोकळं करता येतं का ते नाही कळत. तास भर बोलून पण माणूस कोरडाच उठतो कधी कधी.

आरोग्य खात्याचा म्हातारपणावरचा मोठा अभ्यास आहे, लासी म्हणतात त्याला, मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या संस्थेने केलेला, 72 हजारांहून जास्त लोकांचा. तो 45 वर्षांवरच्यांचा. त्याची पहिली फेरी 2017-18 ची, म्हणजे कोविडच्या आधीची, आमच्याकडे निसर्ग आणि तौक्ते वादळं व्हायच्या आधीची. आणि 2015-16 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे केला तो 12 राज्यांत, त्यात गुजरात होतं, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं, महाराष्ट्र नव्हता. नाव राष्ट्रीय आणि आपलं राज्यच त्यात नाही, म्हणजे कोकणाचा तर प्रश्नच येत नाही.

आता कोकणाबद्दल थोडं, कारण दिल्लीत बसून हे लक्षात येणं कठीण आहे. 2001 ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजार होती, 2011 ला ती 16 लाख 15 हजार झाली. सिंधुदुर्गची पण कमी झाली, 8 लाख 68 हजारांवरून 8 लाख 49 हजारांवर. अख्खा देश वाढत असताना आमचे दोन जिल्हे घटले. रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. हा आकडा ऐकून बाहेरची माणसं म्हणतात वा, मुलींना जपणारा जिल्हा. काही अंशी असेल तसं, पण मुख्य कारण हे की पुरुष इथे नाहीत. ते मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, बोटीवर आहेत, मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांतले कुवेत-दुबई-कतारला आहेत. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, पेपरात फोटो येतात, आणि तीच पोरं जूनमध्ये बॅग भरून निघतात. हे दीडशे वर्षं चाललंय, गिरण्यांच्या काळापासून, त्यात कोणाला दोष द्यायचा नाहीये मला. पण मागे राहिलेल्यांचं काय आणि गेलेल्यांचं काय, हे कधीतरी मोजायला नको का?

माझी आई दापोली तालुक्यात एकटी राहते. वय झालंय, गुडघे गेलेत, पण घर सोडत नाही. दोघे भाऊ नालासोपाऱ्याला. वाईट नाहीत माझे भाऊ, रोज फोन करतात, पैसे पाठवतात, गणपतीला रांगेत उभं राहून नाहीतर रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून येतातच. मी गुहागरला, मध्ये दाभोळची खाडी, फेरीबोट पकडून जायचं म्हटलं तरी गिरण बंद ठेवून दिवस मोडतो. मध्यंतरी आईकडे एका सर्व्हेची माणसं आली होती, कुठल्या खात्याची ते इथे लिहीत नाही, आलेल्या मुलाचा काही दोष नव्हता, तो उन्हात फिरून दमला होता आणि त्याला टॅबमध्ये जे होतं तेच विचारायचं होतं. छप्पर कसलं, संडास आहे का, गॅस आहे का, मोबाईल आहे का, घरात माणसं किती. आईने त्याला कोकम सरबत दिलं, सगळं सांगितलं. नंतर मला फोनवर म्हणाली, "विचारलंन हो सगळं, चांगला होता पोरगा. पण मी रात्री पडले तर कोणाला कळेल, ते काय विचारलंन नाही."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. मग मी सर्व्हे कसे होतात त्याची जमेल तेवढी माहिती काढली, तुमचे रिपोर्ट मोबाईलवर बघितले, भाच्याकडून समजून घेतले. आता माझ्या तक्रारी सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार घर कशाला म्हणायचं याची आहे. तुमच्या सर्व्हेत एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. हिशेबाला ते सोपं पडतं, मला कळतं. पण कोकणातलं कुटुंब दोन चुलींवर चालतं, कधी तीन. आईच्या घराचे निर्णय नालासोपाऱ्यात होतात, भावाच्या मुलीची फी गावच्या काजूच्या पैशातून जाते, गणपती गावच्या घरात बसतो, आणि तुमच्या कागदावर मात्र आई म्हणजे एका माणसाचं कुटुंब आणि भाऊ म्हणजे चार माणसांचं दुसरंच कुटुंब, एकमेकांशी काही संबंध नसलेलं. अशाने एकटी कोण ते कळणार कसं? एकट्या माणसाचं कुटुंब म्हणजे एकटेपणा असं धरलंत तर तेही चुकेल. आमच्या वाडीत एक बाई नवरा गेल्यापासून एकटी राहते, तिच्या ओटीवर संध्याकाळी निम्मी वाडी असते, भजनाला ती, बचत गटात ती, तिला विचाराल तर ती हसत सुटेल. आणि नऊ माणसांच्या घरातली एक सून मला माहितीये जी दळण घेऊन येते आणि गिरणीच्या आवाजात रडून घेते, कारण तिथे कोणाला ऐकू जात नाही. तिचं घर तुमच्या टॅबमध्ये भरलेलं दिसेल. म्हणून घरात किती माणसं याच्यावरून काही ठरवू नका. घराबाहेरचं कोण आठवड्यात बोललं, समोरासमोर शेवटची भेट कधी झाली, घराची एक चावी कोणाकडे असते, रात्री बारा वाजता फोन केला तर चालत येऊ शकेल असं कोणी आहे का, हे विचारा.

दुसरं म्हणजे उत्तर कोण देतं. बऱ्याच सर्व्हेत घरात जो मोठा माणूस भेटेल तो सगळ्यांच्या वतीने सांगतो. शेती किती, नोकरी कुठे, एवढ्यासाठी ते चालून जातं. पण सुनेला एकटं वाटतं का हे सासू कशी सांगणार? सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात काय आहे ते बाप सांगणार का? आणि आमच्याकडे तर बाहेरचं माणूस आलं की शेजारपाजारची चार जणं ओटीवर येऊन बसतात, त्यांच्यासमोर कुठलीही म्हातारी हेच सांगणार की मुलगा बघतो हो, काही कमी नाही. तिला मुलाची अब्रू सांभाळायची असते. शिवाय धास्ती वेगळीच. मुलगा पैसे पाठवतो म्हटलं तर निराधारची पेन्शन बंद होईल, नाही पाठवत म्हटलं तर गावात बातमी होईल, काहीतरी बोलून बसलो तर लाडकी बहीणचे पैसे थांबतील. तुमच्याकडे 2008 चा सांख्यिकी संकलन कायदा आहे, दिलेली माहिती बाहेर फोडता येत नाही, हे मी वाचलंय. पण गावात हे कोणालाच माहीत नाही आणि येणारा माणूस ते सांगत नाही. बाईला बाईने विचारावं, बाजूला बसून विचारावं, जमलं तर टॅब तिच्या हातात देऊन नाहीतर कानाला हेडफोन लावून तिचं तिला उत्तर दाबू द्यावं.

वेळेचं पण तसंच. गणपतीत या, शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असताना या, मे महिन्यात या, कोकण तुम्हाला देशातला सगळ्यात आनंदी भाग दिसेल. घरं उघडलेली, अंगण शेणाने सारवलेलं, पोरं विहिरीवर, रात्री दोन वाजेपर्यंत नाच आणि आरत्या. आणि मग आषाढात या. लावणी उरकलेली, पाऊस पाच-पाच दिवस थांबत नाही, लाईट गेलेली, रेंज गेलेली, वस्तीची एसटी दरड आली म्हणून येत नाही, आणि वाडीतल्या निम्म्या घरांना कुलूप. त्या दिवसांत माणूस शेजारच्या घरातला उजेड बघून झोपतो. दोन्ही खरं आहे, पण एकाच महिन्यात विचारलंत तर अर्धंच कळेल. तुमचे सर्व्हे तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत वर्षभर चालतात, म्हणजे सोय तुमच्याकडे आहेच, फक्त आकडे मोसमाप्रमाणे वेगळे दाखवा.

कोण सुटतं ते पण बघा. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमारी बोटींवर खलाशी म्हणून शेकडो नेपाळी माणसं आमच्या किनाऱ्यावर आहेत, काही तर बायकामुलांसकट बागेतल्या शेडमध्ये राहतात, त्यांच्या दारात कोण जातं? नवरा आखातात असलेल्या बायका, ज्यांचा संसार व्हिडिओ कॉलवर चाललाय. आणि गावात राहिलेली तिशी-पस्तिशीची मुलं, बाग करतात, रिक्षा चालवतात, बोटीवर जातात, चांगली कष्टाळू आहेत, पण गावातल्या मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून लग्नं राहिलीत. संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर मोबाईल घेऊन बसलेली असतात, लोक म्हणतात टवाळ आहेत. मला नाही तसं वाटत. जागतिक रिपोर्ट सांगतो की एकटेपणा सगळ्यात जास्त तरुणांत आहे, 13 ते 29 वयात. आणि आपला मोठा अभ्यास सुरू होतो 45 पासून. या मुलांना कोणी कधी बसवून विचारलेलं नाही, बाटलीकडे वळली की मग सगळे बोलतात.

आता एक गोष्ट जी आमच्याच लोकांना आवडणार नाही, तरी लिहितेच. गाव म्हणजे सगळं गोड, असं नाहीये. रायगड-रत्नागिरीत कुटुंबं वाळीत टाकल्याच्या केसेस पेपरात येऊन गेल्यात, कोणी मानपानावरून, कोणी निवडणुकीवरून, कोणी मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून. त्यासाठी महाराष्ट्राला 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, तो 2017 पासून लागू आहे. ज्या घराशी गाव बोलत नाही, ज्याच्या मयताला कोणी खांदा देत नाही, दुकानदार सामान देत नाही, त्याचा एकटेपणा हा मनाचा आजार नाही, तो त्याच्यावर लादलेला आहे. पोलिसात न गेलेल्या अशा केसेस किती असतील ते फक्त सर्व्हेच सांगू शकतो, तोही नीट गुप्तता पाळून. म्हणून नुसतं "तुम्हाला कसं वाटतं" एवढ्यावर थांबू नका, गेल्या वर्षात तुम्हाला कार्यक्रमाला, देवळात, पाण्यावर, सोसायटीत कोणी अडवलं का, बोलणं तोडलं का, हेही विचारा. वाडीवाडीतला जातीचा भेद पण त्यातच बाहेर येईल. मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांना पण विचारा, त्यांच्याकडे बहिष्काराचे प्रकार वेगळे असतात.

कोणी विचारेल की मोजून होणार काय. मी उदाहरण देते. आपल्या राज्यात ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. माझ्या गिऱ्हाइकांत कितीतरी आज्या त्यानंतर लेकीकडे जायला लागल्या, बहिणीला वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं ती भेटली, तालुक्याला जाऊन चहा पिऊन परत येणाऱ्या दोघी मैत्रिणी आहेत. मला हे डोळ्यांनी दिसतं. पण सरकारच्या हिशेबात ही योजना म्हणजे एसटीला द्यायची भरपाई, म्हणजे नुसता खर्च. त्या तिकिटाने किती माणसं एकमेकांना भेटायला लागली याचा आकडा असता तर उद्या कोणी ती योजना बंद करायला निघालं तर समोर ठेवता आला असता. तसंच कमी पटाच्या शाळांचं. शाळा बंद करताना पोरं किती आणि शिक्षक किती एवढं बघतात. ज्या वाडीत शाळा हीच रोज चार माणसं जमायची एकमेव जागा आहे तिथे ती गेल्यावर काय होतं, त्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊन होता, मुंबईहून कोणाला येता येत नव्हतं. माझ्या माहेरच्या गावात माड-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कौलं फुटली. पंचनाम्यात माड किती पडले, पोफळी किती पडल्या ते लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण कोणाच्या घरावर पहिल्या दिवशी ताडपत्री चढली आणि कोण चार दिवस भिजत राहिलं हे पैशावर नव्हतं ठरलेलं, ज्याला शेजार होता त्याचं आधी झालं. आपत्तीचे प्लॅन बनवणाऱ्यांना हे आधी माहीत नको का, की कुठल्या गावात किती माणसांना असा शेजार नाही?

आता माझ्या मागण्या. तुम्ही अलीकडे मॉड्युलर सर्व्हे, म्हणजे एकेका विषयावरचे छोटे सर्व्हे, सुरू केलेत, 2025 मध्ये जानेवारी ते मार्च टेलिकॉमचा केलात, एप्रिल ते जून शिक्षणाचा केलात. त्याच पद्धतीने सामाजिक नाती आणि जगण्यातलं समाधान यावर एक मॉड्युल करा, मात्र तीन महिन्यांत न संपवता वर्षाचे चारही टप्पे घ्या. जगात वापरतात ते तीन-चार प्रश्न तसेच ठेवा म्हणजे इतर देशांशी तुलना होईल, आणि शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे हा प्रश्नही घ्या. त्याच प्रश्नावर जगाचा हॅपिनेस रिपोर्ट निघतो, 2025 ला त्यात आपला नंबर 118 वा आला, मग दोन दिवस टीव्हीवर भांडणं झाली की तो सर्व्हे बरोबर की चूक. आपण स्वतः लाखभर लोकांना विचारलं तर भांडायची गरजच नाही.

जानेवारी 2025 पासून तुम्ही सॅम्पल, म्हणजे कुठल्या घरांना विचारायचं ते, काढताना जिल्हा हा पाया धरता असं जाहीर केलंत, त्याचा फायदा आम्हाला द्या. महाराष्ट्राचा एकच आकडा काढलात तर त्यात पुणे-ठाण्याच्या गर्दीत सिंधुदुर्ग बुडून जाईल. प्रश्नावली आधी किनाऱ्यावरच्या दोन-चार गावांत, एखाद्या मोहल्ल्यात, एखाद्या कोळीवाड्यात आणि मुंबईतल्या एखाद्या चाळीत वापरून बघा, मालवणी आणि संगमेश्वरी बोलणारी मुलं-मुली हाताशी घ्या. घराबाहेर गेलेल्या माणसांचं नातं पकडणारे प्रश्न त्यात घाला, जमलं तर एकाच कुटुंबाचं गावचं टोक आणि शहराचं टोक दोन्हीकडे विचारा, निदान काही घरांपुरतं तरी.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, विचारून नुसतं निघून जाऊ नका. असले प्रश्न विचारले की माणूस फुटतो. समोरची आजी रडायला लागली तर टॅबवाल्या मुलाने काय करायचं हे त्याला शिकवा, मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाईनचा 14416 आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा 14567 हे नंबर मोठ्या अक्षरात छापलेलं कार्ड त्याच्याकडे द्या, आणि फारच वाईट अवस्था दिसली तर त्या माणसाच्या परवानगीने आशाताईला नाहीतर आरोग्य केंद्राला कळवायची सोय ठेवा. त्या मुलाला एका दिवसात घरं कमी द्या, अशी मुलाखत धावत होत नाही. रिपोर्ट आला की तो मराठीत, चार पानांत, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागला पाहिजे. आमच्याकडून नेलेली माहिती आमच्यापर्यंत परत आलेली मी आजवर बघितलेली नाही.

जनगणना गृह खात्याकडे आहे हे मला माहितीये, तिच्यासाठी धरलेली संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्यांच्याशी बोलून एवढं बघा की एकट्या राहणाऱ्या माणसांचे आकडे वय, बाई-पुरुष आणि गाव याप्रमाणे लवकर बाहेर येतील. ते आले की तुम्हाला तुमचं सॅम्पल काढायला पण सोपं जाईल.

चाचणीसाठी गाव हवं असेल तर आमच्याकडे या. ग्रामपंचायतीशी बोलून बसायची जागा, पंखा आणि वायफाय याची व्यवस्था मी करते, बचत गटातल्या बायका तुमच्या माणसांना घरं दाखवतील. गणपतीत एकदा या आणि आषाढात एकदा या.

या पत्राला मराठीत उत्तर द्यावं ही विनंती. सर्व्हे करणार असाल तर कोणत्या वर्षी, आणि करणार नसाल तर कशामुळे, एवढं स्पष्ट लिहा. आलेलं उत्तर मी जसंच्या तसं इथे टाकीन.

आपली,
गुहागर तालुक्यातली एक गिरणवाली